मांडणी करणारीची हजेरी 

मागच्या वेळी आपण गटाच्या कामाचा खर्च कसा लिहायचा आणि कसा कमी करायचा, यावर बोललो होतो. त्यानंतर एका गटाचा निरोप आला. तो जसा आला तसाच सांगतो. "ताई, आमचा गट गोधड्या करतो. आठ जणी टाके घालतात. एक मावशी टाका घालत नाही. ती नुसते जुन्या साड्यांचे तुकडे मांडून देते. हा इथं ठेव, तो तिथं ठेव, एवढंच. हजेरी मात्र सगळ्यांएवढी घेते. खर्च कमी करायचाय, तर तिची हजेरी बंद केली तर चालेल का?"

निरोप ऐकून आम्ही सहयोगिनी एकमेकींकडं बघत राहिलो. कारण ही चूक आम्ही स्वतः एका गटात करून बसलोय. ती हकिकत शेवटी सांगू. आधी एका फार मोठ्या कंपनीची गोष्ट सांगतो. लांबची आहे, अमेरिकेतली आहे, पण प्रश्न आपल्या गोधडीचाच आहे.

तुमच्या पोरांच्या दप्तरावर, डब्यावर, टोपीवर मोठ्या कानांचा एक उंदीर असतो. मिकी माऊस. त्याची कंपनी म्हणजे डिस्ने. ही कंपनी चित्रपट काढते, तशी तिची मोठी मनोरंजन उद्यानंही आहेत. आपल्याकडं खोपोलीजवळ इमॅजिका आहे, सहलीला काही जणी गेल्याही असतील. अशी उद्यानं जगभर झाली, त्यांना वाट दाखवणारं उद्यान म्हणजे डिस्नेलँड. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अनाहाइम नावाचं गाव आहे. तिथं संत्र्याच्या बागा होत्या. ती जमीन घेऊन 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडलं.

जत्रेत आणि अशा उद्यानात फरक काय? जत्रेत आपण आकाशपाळण्यात बसतो, दोन फेऱ्या होतात, उतरतो. पाळणा म्हणजे पाळणा. डिस्नेलँडमध्ये पाळण्याला गोष्ट असते. नावेत बसलात की नाव एका अंधाऱ्या गुहेत शिरते, आत समुद्री चाच्यांचं अख्खं गाव, त्यातली माणसं मान हलवतात, गातात, कुठं आग लागलेली दिसते. तुम्ही गोष्टीच्या आत जाऊन येता. लोक तिकिटाचे जास्तीचे पैसे देतात ते या गोष्टीसाठी.

मग ही गोष्ट रचतं कोण? वॉल्ट डिस्ने यांनी 1952 मध्येच त्यासाठी वेगळी मंडळी गोळा केली. त्यात चित्रकार होते, सुतार होते, शिल्पकार, इंजिनिअर होते, पुढं शिवणकाम करणाऱ्या बायाही आल्या. पुढं त्यांना 'इमॅजिनिअर' म्हणायला लागले. म्हणजे कल्पना करणारा इंजिनिअर. आपल्या भाषेत सांगायचं तर मांडणी करणारी माणसं.

त्यातल्या दोन बायांची ओळख करून देतो.

हॅरिएट बर्न्स ही या विभागात कल्पक कामासाठी घेतलेली पहिली बाई. ती लहान नमुने करायची, म्हणजे बांधायच्या आधी किल्ला, घर, डोंगर कसा दिसेल ते छोट्या आकारात तयार करायची. झगा आणि उंच टाचांचे बूट घालून कामाला यायची आणि करवत, लेथ अशा यंत्रांवर पुरुषांच्या बरोबरीनं काम करायची. एकदा गाणाऱ्या पाखरांचा खेळ करायचा होता. यंत्राची पाखरं, पण श्वास घेतल्यासारखी छाती हलली पाहिजे. कापड लावलं की ते नीट ताणेना, खरं वाटेना. बैठक चालू होती, आणि हॅरिएटचं लक्ष वॉल्ट डिस्नेंच्या अंगातल्या लोकरी स्वेटरकडं गेलं. हात वाकवला की कोपरावर ती लोकर कशी मऊ हलते, ते तिनं बघितलं. तसंच कापड पाखरांच्या छातीला लावलं आणि काम झालं. हा खेळ 1963 मध्ये सुरू झाला.

आता सांगा, स्वेटरच्या कोपराकडं बघण्याची हजेरी वहीत कशी मांडणार? बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाई बैठकीत नुसती बसली होती.

दुसरी ॲलिस डेव्हिस. ही शिवणारी, कपडे रचणारी. मघाशी सांगितलेल्या चाच्यांच्या खेळातल्या बाहुल्यांचे कपडे तिनं केले. ते रोज, तासन्‌तास हलणाऱ्या बाहुल्यांच्या अंगावर असायचे. ते झिजणार, फाटणार हे तिला शिवणारी म्हणून कळत होतं. तिनं हिशेबाच्या लोकांकडं दुसऱ्या जोडाचे पैसे मागितले. नाही म्हणाले. मग तिनं एका जोडाच्या खर्चातच गुपचूप दुसऱ्याचा खर्च बसवला आणि जोड शिवून ठेवला. खेळ 1967 मध्ये सुरू झाला. काही काळानं आत खरोखरची आग लागली आणि कपडे खराब झाले. नवे कपडे कधी मिळतील, असं घाबरून विचारायला आले, तेव्हा तिच्याकडं ते तयार होते. ही हकिकत ती स्वतः सांगायची.

आम्ही काही हिशेबात लपवाछपवी करा म्हणत नाही. आपल्या वह्या स्वच्छच पाहिजेत. पण गोष्ट अशी की, ज्या हातांना काम कळत होतं त्यांना विचारलं असतं, तर लपवायची वेळच आली नसती.

आता कुणी म्हणेल, पैशाकडं बघायचंच नाही का? बघायचं. वॉल्ट डिस्नेंचा मोठा भाऊ होता, रॉय. वॉल्ट स्वप्नं बघायचे आणि रॉय बँकेतून पैसे उभे करायचे, खर्चाला आवर घालायचे. दोघांची भांडणंही व्हायची. पण एकाशिवाय दुसऱ्याचं चाललं नसतं. वॉल्ट 1966 च्या डिसेंबरात गेले. तेव्हा फ्लोरिडा राज्यात दुसऱ्या मोठ्या उद्यानाचं काम व्हायचं होतं. रॉय यांचं निवृत्तीचं वय झालं होतं, तरी ते थांबले, ते काम त्यांनी पुरं केलं आणि भावाचं नाव राहावं म्हणून त्याचं नाव 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' ठेवायला लावलं. ते 1 ऑक्टोबर 1971 ला उघडलं आणि त्याच डिसेंबरात रॉयही गेले. आपल्या गटात मांडणी करणारी मावशी आणि खजिनदार ताई यांचं नातं असंच पाहिजे. दोघींनी भांडावं, पण एकीनं दुसरीला उठवून लावू नये.

पुढं काय झालं ते ऐका.

1992 मध्ये कंपनीनं फ्रान्समध्ये पॅरिसजवळ मोठं उद्यान उघडलं. सुंदर झालं, पण खर्च फार झाला, हॉटेलं गरजेपेक्षा जास्त बांधली, कर्जाचा डोंगर झाला आणि पहिली काही वर्षं मोठा तोटा आला. हे खरं आहे आणि ते आम्ही लपवत नाही. मांडणी करणाऱ्यांनी आणि साहेबांनी मिळून हिशेब सोडला की असं होतं.

पण त्यातून कंपनीनं धडा घेतला तो अर्धाच. हिशेब सांभाळा, हे बरोबर होतं. त्याऐवजी कात्री चालली ती कल्पनेवरच्या खर्चावर. काही मोठी कामं थांबली. कल्पना करणाऱ्या मंडळींतली बरीच कमी झाली. उद्यानांची सूत्रं कंपनीच्या दुकानांच्या साखळीतून आलेल्या अधिकाऱ्यांकडं गेली. दुकान चालवणं वाईट नाही, आपणही स्टॉल लावतो. पण दुकानदाराची नजर एका फुटात किती माल विकला यावर असते. गिऱ्हाईक गावातून निघून इथवर आलं कशासाठी, हे त्या फुटात दिसत नाही.

मग त्यांनी डिस्नेलँडच्याच समोर, गाड्या लावायच्या जागेवर, दुसरं उद्यान बांधलं. नाव 'डिस्नेज कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर'. 8 फेब्रुवारी 2001 ला ते उघडलं. खर्च सुमारे 60 कोटी डॉलर. आपल्याला हा आकडा प्रचंड वाटतो, पण तसल्या उद्यानासाठी तो हात आखडून केलेला खर्च होता. आत काय होतं? बराचसा भाग जत्रेतल्यासारखा. पाळणे, चक्र, झुले. विकत आणून उभे केलेले, आत गोष्ट नाही. आणि गंमत ऐका. एका ठिकाणी मक्याच्या रोट्या यंत्रावर कशा होतात ते दाखवत होते. एका ठिकाणी पाव कसा भाजतात ते. एका कोपऱ्यात शेती आणि ट्रॅक्टर! तुम्ही हसताय ना? आपल्याला कुणी तिकीट काढून भाकरी आणि ट्रॅक्टर दाखवला तर आपण काय म्हणू?

तिथले लोकही तेच म्हणाले. तिकीट डिस्नेलँडएवढंच आणि आत जत्रा. शिवाय उद्यानाचा विषय कॅलिफोर्निया, आणि ते होतं कॅलिफोर्नियातच. बाहेर खरं कॅलिफोर्निया फुकट होतं. पहिल्या वर्षी अंदाजे 50 लाख लोक आले. समोरच्या जुन्या डिस्नेलँडमध्ये त्याच वर्षी त्याच्या दुपटीहून जास्त. एक खेळ तर वर्षभरातच बंद करावा लागला.

लोक मूर्ख नसतात, मैत्रिणींनो. काय कमी आहे ते त्यांना शब्दांत सांगता येत नाही, पण ते वस्तू हातात घेतात आणि खाली ठेवतात.

2003 च्या नोव्हेंबरात संचालक मंडळातून एकानं राजीनामा दिला. तो हिशेब सांभाळणाऱ्या रॉय यांचाच मुलगा होता, त्याचंही नाव रॉय. त्यानं पत्रात उघड लिहिलं की, उद्यानं स्वस्तात बांधायचा प्रयत्न केला, ते लोकांना दिसतं, आणि चांगली कल्पक माणसं कंपनी सोडून चालली आहेत. खजिनदाराच्या घरातला माणूस हे म्हणत होता, हे लक्षात घ्या. पुढच्या मार्चमध्ये भागधारकांची सभा झाली. तिथं शेकडा चाळीसहून जास्त मतं मुख्य साहेबांच्या पाठीशी राहिली नाहीत. त्यांचं अध्यक्षपद गेलं आणि 2005 मध्ये कंपनीचा कारभारही दुसऱ्याकडं गेला.

आणि आता हिशेबाचा शेवट. 2007 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ते उद्यान सुधारायचं. खर्च 110 कोटी डॉलर. म्हणजे बांधायला जेवढे लागले त्याच्या पावणेदोनपटीच्या वर! कल्पना करणाऱ्या मंडळींना पुन्हा कामाला लावलं. मोटारींच्या एका चित्रपटातलं अख्खं गाव, मागं डोंगर, रस्ता, दिवे, असं उभं केलं. 2012 च्या जूनमध्ये ते उघडलं आणि त्या वर्षी येणारी माणसं अंदाजे 77 लाखांवर गेली. जी गोष्ट आधी 'परवडत नाही' म्हणून काढली, तीच नंतर जास्त पैसे देऊन परत आणावी लागली.

एवढं झाल्यावर शहाणपण आलं असेल असं वाटतं ना? पण 2021 मध्ये कंपनीनं सांगितलं, कॅलिफोर्नियातल्या सुमारे दोन हजार नोकऱ्या फ्लोरिडाला न्यायच्या. त्यात ही कल्पना करणारी मंडळीही होती. तिथं करात सवलत मिळणार होती. देशाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जायचं. मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील, घर, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी. बऱ्याच जणांनी जाण्यापेक्षा काम सोडलं. काहींनी घर विकून मुक्काम हलवला. आणि 2023 च्या मे महिन्यात कंपनीनं तो बेतच रद्द केला. ठराव मागं घेता येतो. पण वीस-तीस वर्षं काम केलेलं माणूस निघून गेलं की त्याच्या डोक्यातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. ते कपाटात ठेवलेलं नसतं.

आता आमची कबुली.

आमच्या एका गटातही गोधड्यांचं काम होतं. तिथंही एक मावशी होत्या. लाल पातळाशेजारी कुठलं हिरवं बसेल, काठ कुठं वळवायचा, जरीचा तुकडा मधे घ्यायचा की कडेला, हे त्यांना न मोजता कळायचं. साड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन कधीकधी अर्धा दिवस त्या नुसत्या बसून राहायच्या. आम्ही नुकतंच खर्चाचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. बैठकीत आम्हीच म्हणालो, हे काम कुणीही करेल. ठराव लिहिला. मावशी त्या दिवशी बैठकीला नव्हत्या. दुसऱ्या दिवशी एका पोरीकरवी निरोप धाडला.

पहिले दोन महिने वही छान दिसली. खर्च कमी, गोधड्या तेवढ्याच. मग प्रदर्शन आलं. बायका स्टॉलवर यायच्या, गोधडी उलगडायच्या, टाके बघायच्या, छान म्हणायच्या आणि घडी करून ठेवायच्या. मागच्या वर्षी दोन घेऊन गेलेल्या एक बाई आल्या. बराच वेळ शोधत होत्या. "गेल्या वेळसारख्या नाहीत का?" म्हणाल्या आणि गेल्या. जवळजवळ सगळा माल आम्ही टेम्पोत घालून परत आणला. मावशींच्या हजेरीत वाचवलेलं सगळं त्या एका टेम्पोच्या भाड्यात आणि पडून राहिलेल्या मालात गेलं.

मग आम्ही मावशींच्या घरी गेलो. त्या रागावल्या नाहीत. चहा केला. म्हणाल्या, "पैशाचं वाटलं नाही बायांनो. पोरीकरवी निरोप धाडला, त्याचं वाटलं." आमच्याकडं त्यावर उत्तर नव्हतं, आजही नाही.

तोवर त्यांनी दुसरीकडं रोजानं जायला सुरुवात केली होती. आता त्या आठवड्यातून दोनच दिवस गटात येतात. त्यांच्याजवळ दोन सुना बसवल्यात, त्या शिकतायत. विक्री अजून पहिल्यासारखी झालेली नाही. होईल असं वाटतं.

तर ज्या गटानं प्रश्न विचारला, त्यांना आमचं उत्तर: नाही ताई, मावशीची हजेरी बंद करू नका. आणि खर्च तर कमी करायचाच आहे, तर तो असा करू या.

पहिलं. खर्चाच्या कागदावर कापड, दोरा, टाके, वाहतूक लिहितो, तशी 'मांडणी' अशी वेगळी ओळ लिहा. जे लिहिलं जात नाही ते कुणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावरच आधी कात्री चालते. ही ओळ पापडाच्या गटातही असते. मसाल्याचं प्रमाण ठरवणारी, पिठाचा हात बघून सांगणारी कुणीतरी असतेच.

दुसरं. काहीही कमी करण्याआधी विचारा, गिऱ्हाईक आपल्याच वस्तूकडं का वळतं? त्या गोष्टीला हात लावायचा नाही. बाकीचं बघा. चार गटांनी मिळून दोरा घाऊक घेतला तर? माल एकाच टेम्पोत पाठवला तर? न खपणारी मापं करणं थांबवलं तर?

तिसरं. जिच्या कामाचा, जिच्या हजेरीचा ठराव आहे, ती समोर बसलेली असल्याशिवाय तो करायचा नाही. तिला काम आपल्यापेक्षा जास्त कळतं. कुठं खर्च वाचेल हेही तीच सांगेल. ॲलिसबाईंना कपडे फाटणार हे माहीत होतं, हिशेबाच्या लोकांना नव्हतं.

चौथं. मांडणी करणाऱ्या बाईनंही हिशेब ऐकायचा. एका गोधडीला इतका वेळ आणि इतकं कापड लागलं की ती विकलीच जाणार नाही, तर खजिनदारानं ते सांगितलं पाहिजे आणि मावशीनं रुसू नये. पॅरिसची गोष्ट त्यासाठीच सांगितली.

पाचवं. तिच्याजवळ दोघींना शिकायला बसवा. प्रत्येक चांगल्या गोधडीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मावशी उद्या लेकीकडं गेल्या, आजारी पडल्या, तर सगळं थांबू नये. पण शिकणाऱ्या तयार झाल्या म्हणून मावशींना निरोप द्यायचा, असं मात्र करू नका. शिकवण्याचीही हजेरी असते.

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटात नुसती 'बसून' दिसणारी, पण जिच्यावाचून माल तसा होत नाही अशी बाई कोण, ते सगळ्यांनी मिळून ठरवा. तिचं नाव आणि तिचं काम वहीत लिहा. आणि काय लिहिलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भाषणात मांडणीच्या त्या ओळीत आकडा किती धरायचा, ते तुमच्याच वह्यांवरून बघू.

आणि ज्यांनी निरोप पाठवला, त्या ताईंना एक विनंती. आजचं हे भाषण तुमच्या त्या मावशींबरोबर बसून ऐकलं असेल तर उत्तमच. नसेल, तर आजच त्यांच्या घरी जा. पोरीकरवी निरोप धाडू नका.